टिनाचं सूर्यफूल : नाशिक ते बीबी, आणि परत

आमच्या घरात गाडीची डिकी भरण्याचा मान माझा. गेली पंचवीस वर्षं मी तो कुणाला दिलेला नाही. कुठली बॅग आडवी, कुठली उभी, चपलांची पिशवी कुठल्या कोपऱ्यात, हे मला न बघता कळतं, आणि मी ते लोकांना ऐकवतोही. गर्वाचं घर खाली, हे शाळेत असताना वहीत दहादा लिहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र या फेब्रुवारीत दुसरबीडच्या गतिरोधकावर कळला.

झालं असं की आशूचा फोन आला. आशू म्हणजे अश्विनी, माझ्या ताईची मुलगी. ताई लग्न होऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीला गेली. आशू तिथेच वाढली, तिथल्याच शाळेत शिकली आणि आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. म्हणाली, "मामा, चार दिवस गाडी हवी आहे आणि गाडीबरोबर तूही." मी कारण विचारायच्या आधीच हो म्हटलं. ताईकडे जायला मला कारण लागत नाही. तिच्या हातचे रोडगे हे पुरेसं कारण आहे.

पण आशूचं कारण मोठं होतं. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा सरळ फोटो काढता यावा, म्हणून अवकाशात पाठवायच्या दुर्बिणीचं जे तंत्र जगभर तयार होतंय, त्यातल्या एका तुकड्यावर ती चार वर्षं काम करते आहे. पुढच्या शुक्रवारी तिच्या कामाचा आढावा होता. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की कागदावरची गणितं पुष्कळ झाली. मोकळ्या हवेत घेतलेला एक फोटो आण, ज्यात मोठा दिवा झाकला गेलाय आणि त्याच्या शेजारचा बारका दिवा दिसतोय. नसेल तर हे काम बंद, आणि तुझी बदली दुसऱ्या विभागात. फोटोसाठी तिला दोन किलोमीटरची सरळ मोकळी रेघ हवी होती, आजूबाजूला अंधार हवा होता, आणि अमावास्येच्या आसपासचे चार दिवस. पुण्यात अंधार कुठून आणणार? तो बीबीला मिळतो, आणि वर आईच्या हातचं जेवण.

ज्याने मोठा दिवा झाकायचा ते झाकण तिने आमच्या नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात यंत्रावर कापून घेतलं होतं. चांगलं परातीहून मोठं, पातळ पत्र्याचं, काळं आणि आकाराने थेट सूर्यफूल. टोकदार पाकळ्या चहूबाजूंनी. तिने ते पुठ्ठ्यात गुंडाळून वर लाल पेनाने लिहिलं होतं, 'यावर काही ठेवू नये'.

मी काही ठेवलं नव्हतं. म्हणजे, कोपऱ्यावर फक्त ताईचा पाटा होता. तिचा जुना पाटा फुटला म्हणून तिने नवा मागवला होता आणि मी रस्त्याकडेच्या पाथरवटाकडून चांगला जाड, टाकी लावलेला घेतला होता. खाली रजई घातली होती हो मी! शिवाय द्राक्षांच्या दोन पेट्या बाजूला अशा चपखल बसवल्या होत्या, की पाटा हलणं शक्यच नव्हतं.

रस्त्याविषयी सांगायचं तर नाशिकहून बीबीला जायला आता समृद्धीसारखं सुख नाही. सिन्नरच्या पुढे चढायचं आणि सिंदखेडराजाला उतरायचं. पेट्रोल आधी भरून घ्या, डबा घरून न्या, कारण वाटेत चहाची टपरी दिसेल या आशेवर राहिलात तर उपाशी राहाल. टायर तपासूनच निघा, तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर दगा देतात. आम्ही सकाळी सातला निघालो आणि ताईने पाठवलेल्या यादीतलं सगळं घेऊन अकराच्या आत जालना मागे टाकलं.

गाडीत मी आशूला विचारलं की हे सूर्यफूल नेमकं करतं काय. ती म्हणाली, समोरून वरचे दिवे लावून ट्रक आला की तू काय करतोस? मी म्हटलं, शिव्या देतो. ती म्हणाली, आणि हात आडवा धरतोस, बरोबर? म्हणजे ट्रकशेजारून चाललेला सायकलवाला दिसतो. तारा म्हणजे ट्रक आणि ग्रह म्हणजे सायकलवाला, आणि त्याच्या सायकलला दिवासुद्धा नाही. आपल्या सूर्याशेजारी आपली पृथ्वी लांबून पाहिली तर ती सूर्याच्या हजार कोटीव्या हिश्शाइतकी मिणमिणती दिसेल. म्हणून दुर्बिणीच्या पुढे, हजारो किलोमीटर लांब, अवकाशात एक भलीमोठी छत्री उभी करायची, ताऱ्यावर नेमका हात धरल्यासारखी.

मग गोल छत्री का नको, हा माझा पुढचा प्रश्न. तर प्रकाश लबाड असतो म्हणे. गोल झाकणाच्या काठावरून तो थोडा वळतो आणि नेमका सावलीच्या मधोमध जाऊन गोळा होतो. पाकळ्या असल्या की तो वळलेला उजेड एकमेकांत विरून जातो आणि मध्ये खरा काळोख तयार होतो. "सगळा खेळ काठाचा आहे, मामा," ती म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्याने आमचा घात केला.

सिंदखेडराजाला उतरल्यावर एक गंमत झाली. तिला घरून फोन आला आणि इतका वेळ 'म्हणजे असं बघ' करणारी मुलगी एका क्षणात "हाव आई, येऊनच राह्यलो न" म्हणायला लागली. मी हसलो तर म्हणाली, पुण्यात असं बोलले की लोक गावठी समजतात, म्हणून ही घरची भाषा मी तिकडे पिशवीत बांधून ठेवते. मला त्याचं वाईट वाटलं, पण तेवढ्यात दुसरबीड आलं, आणि दुसरबीडला तो गतिरोधक आला. त्याच्यावर ना पांढरा पट्टा ना पाटी. गाडी उडाली, मागे काहीतरी धप्पकन आपटलं, आणि आशूने मान वळवून मागे पाहिलं.

बीबी हे मोठं, गजबजलेलं बाजाराचं गाव. ताईचं घर शेताला लागून. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, फाटकातच उभे होते. डिकी उघडली तेव्हा पाटा पुठ्ठ्याच्या बरोब्बर मधोमध बसला होता आणि द्राक्षांच्या पेट्या जागच्या जागी होत्या. चार पाकळ्या दुमडल्या होत्या, एक पार मुडपून उलटी झाली होती. आशूने फूल उचलून उजेडात धरलं, फिरवलं आणि खाली ठेवलं. कारखान्याला फोन केला, तर नवं कापून द्यायला दहा दिवस लागतील म्हणाले. शुक्रवार आठ दिवसांवर होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने माझ्याकडे पाहिलं, तीस वर्षांत ती पुरती वऱ्हाडी झालेली आहे, आणि म्हणाली, "आता काऊन गप्प बसला? एरवी तं डिकीवर भाषण देत असतो." त्या रात्री तिने कढी-गोळे केले होते. मी दोनच गोळे खाल्ले, यावरून काय ते समजा.

दाजींनीच तोड काढली. म्हणाले, यंत्राचं सोडा, आपले वामनराव काय मेले का? सकाळी आम्ही बाजारातल्या त्यांच्या दुकानात गेलो. वामनराव टिनाच्या पत्र्यातून धान्याच्या कोठ्या, चाळण्या, सुपं, पेट्या बनवतात. वय पासष्टीचं असेल. निळी भिंत, त्यावर बुद्धाची तसबीर, खाली ओळीने टांगलेल्या कात्र्या आणि कानशी, सगळ्या उंचीप्रमाणे. असं आवरलेलं दुकान पाहिलं की मला माणूस लगेच आवडतो. पंचक्रोशीत ज्या घरात गहू-ज्वारी साठवतात, त्यातल्या निम्म्या घरांत यांची कोठी आहे, असं दाजी सांगत होते. ताईकडची कोठी पण त्यांचीच, आशूच्या जन्माच्या आधीची. अजून तिला गंज नाही.

आशूने त्यांच्यापुढे पूर्ण मापाचा कागदी नमुना पसरला आणि दुमडलेलं फूल ठेवलं. त्यांनी 'हे काय' असं एकदाही विचारलं नाही. टोकांवरून बोट फिरवलं, कागदावरून फिरवलं, पुन्हा पत्र्यावरून फिरवलं. आशू म्हणाली, काका, आकार केसाइतका बरोबर पाहिजे आणि काठ सगळ्यात महत्त्वाचा, सगळा खेळ काठाचा आहे. वामनराव म्हणाले, "काठ माह्यावर सोड, पोरी. उद्या सांजीले घेऊन येतो."

तो दिवस आम्ही रेघ आखण्यात घालवला. दोन किलोमीटरच्या एका टोकाला टेकाडावर दाजींची विहीर, तिथे मोठा दिवा आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर बारका दिवा. दुसऱ्या टोकाला गोठ्याच्या गच्चीवर आशूची दुर्बीण आणि कॅमेरा. बरोबर मध्ये, दाजींच्या चुलतभावाच्या हरभऱ्यात राखणीचं उंच मचाण होतं. त्यावर चौकट बांधली. फूल तिथे टांगायचं. चुलतभावाने वर आम्हाला हुळा खाऊ घातला. ओल्या हरभऱ्याचे डहाळे काट्यांवर भाजून, हात-तोंड काळं करत, बांधावर बसून. फेब्रुवारीत या भागात आलात तर हॉटेल शोधू नका, कुणाच्यातरी शेतात ओळख काढा.

शनिवारी सकाळी हातात वेळ होता म्हणून लोणार. बीबीहून गाडीने फार लांब नाही, रस्ता ठीक आहे, खड्डे आहेत पण प्रामाणिक आहेत, लांबून दिसतात. सकाळी लवकर जा आणि पाणी बरोबर ठेवा. खाली उतरणं सोपं वाटतं, पण चढताना दम लागतो. माकडांना पिशव्या दाखवू नका. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. मी घाईत निघालो होतो, आशूने मला हाताला धरून परत नेलं आणि भिंतींवरचं कोरीवकाम बघायला लावलं.

विवराच्या काठावर उभं राहून ती म्हणाली की शाळेची प्रत्येक सहल इथेच यायची, दरवर्षी, दुसरी जागा गुरुजींना माहीतच नव्हती. मुलं कंटाळायची, ती नाही. आकाशातून दगड येऊन आपल्या तालुक्यात पडला, एवढं मोठं भगदाड करून गेला. त्या दगडाने आपल्याला शोधलं, मग आपण तिकडे बघितलं तर काय बिघडलं, असं तिला तेव्हापासून वाटायचं. मी तिच्या वयाचा असताना मला काय वाटायचं ते आठवायचा प्रयत्न केला. काही विशेष आठवलं नाही. खरं सांगतो, मला त्या पोरीचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि पाटा आठवून लाजही वाटली.

संध्याकाळी वामनराव स्वतः फूल घेऊन आले, धुतलेल्या धोतरात गुंडाळून. उघडलं आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. इतकं देखणं काम मी हल्ली पाहिलं नाही. प्रत्येक पाकळी नमुन्याबरहुकूम, आणि प्रत्येक पाकळीचा काठ आत वळवून, चिमटीने मुडपून, वर वितळलेल्या कथलाचं बारीक झाळकाम करून असा गुळगुळीत केलेला, की तान्ह्या मुलाच्या हातात द्यावं. वळणावर पत्रा मुडपणं किती अवघड असतं हे दाजी मला कानात सांगत होते. वामनराव दोन दिवस जेवणापुरते उठले होते म्हणे. आशूने बोट फिरवलं. तिचा चेहरा मी पाहिला. तिने फक्त "किती सुंदर झालंय, काका" म्हटलं आणि मला काही कळेना की ही हसत का नाही.

दिवेलागण झाली. ताई टेकाडावर दिव्यांपाशी, वामनराव मचाणावर, आम्ही गच्चीवर. फोनवर आशू सांगायची, काका, अर्धं बोट डावीकडे, आणि तो माणूस अंधारात अर्धं म्हणजे अर्धंच बोट सरकवायचा. फुलाची सावली दुर्बिणीवर येऊन बसली. पडद्यावर मोठा दिवा गेला. पण त्याच्या जागी एक लखलखती अंगठी उमटली, प्रत्येक पाकळीचा काठ पेटलेला. बारका दिवा त्या झगमगाटात कुठल्या कुठे बुडाला होता. आशूने तासभर खटपट केली. मग लॅपटॉप मिटला आणि मला हळूच सांगितलं की काठ मुडपला म्हणून जाड आणि गोल झाला, त्यावरून उजेड उसळतो, टोकं बोथट झाली. पात्यासारखी धार हवी होती. "मी त्यांना धार म्हणालेच नाही, मामा. काठ म्हणाले. आणि काठ म्हणजे त्यांच्या हिशेबात मुडपलेलाच."

तिला रडू येत होतं, ते फोटोसाठी की उद्या त्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचंय म्हणून, हे मी विचारलं नाही. मी सांगतो म्हणालो. तिने नको म्हटलं.

रविवारी सकाळी ती एकटीच बोलली, मी दाराशी उभा होतो. वामनरावांनी ऐकून घेतलं. हातातली कात्री खाली ठेवली.

"माह्या दुकानातून नागडा पत्रा आजलोक भायेर गेला नाही," ते म्हणाले. "कोठीत बाईचा हात खांद्यालोक जाते, पोरी. दाने काढतानी तिले काठ दिसत नाही."

मला तर वाटलं हात जोडून निघावं. चाळीसेक वर्षं ज्या माणसाने ज्याला चूक म्हटलं, तेच आता त्याला बरोबर म्हणून करायला सांगायचं. पण आशू हटली नाही. तिने शटर खालपर्यंत ओढायला सांगितलं, दुकानात काळोख केला आणि टॉर्च मागितली. एका हातात मुडपलेलं फूल, दुसऱ्या हातात कच्च्या पत्र्याची एक कापलेली पट्टी. मागून टॉर्च धरली. मुडपलेल्या काठावर चांदीच्या दोऱ्यासारखी चमक धावली. कापलेल्या पट्टीचा काठ काळाच राहिला. वामनरावांनी टॉर्च स्वतःच्या हातात घेतली. वरून धरली, खालून धरली, लांब नेली, जवळ आणली, पट्टी कानशीने दोनदा घासून पुन्हा पाहिली. मोजून दहा मिनिटं हेच चाललं.

मग म्हणाले, "हे चमकून राह्यलं. माही हुशारीच चमकून राह्यली." आणि स्वतःशीच हसले. हसणं थांबल्यावर अट घातली. "करून देतो. पन ते मीच लावीन अन मीच काढीन. दुसऱ्या कोनाचा हात त्याले लागला नाही पायजे."

आशूने मान डोलावली. मी पण डोलावली, माझ्या हाताविषयी तर कुणाला शंकाच नव्हती.

दिवसभर वामनराव नवं फूल घासत होते. कापणं तासाभरात झालं, पण कानस संध्याकाळपर्यंत चालली. नमुन्यावर ठेवायचं, डोळा खाली नेऊन बघायचं, एक घासा मारायचा, परत ठेवायचं. आशू शेजारी बसून काचेच्या भिंगातून तपासत होती. मी चहा आणायचं काम केलं, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातली मिरचीची भजी. गरम गरम खा, थंड झाल्यावर तेल सुटतं. दुपारी ताईने रोडगे आणि वांग्याची भाजी दुकानातच पाठवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वरून तूप. वामनराव, आशू आणि मी पत्र्याच्या तुकड्यांमध्ये जागा करून जेवलो. वामनरावांनी जेवायच्या आधी कापलेले सगळे बारीक तुकडे गोळा करून डब्यात टाकले आणि झाकण लावलं. कोंबडीच्या पायालेही लागू नये, म्हणाले.

सोमवारी आम्हाला परतायचं होतं. म्हणजे पहाट हीच काय ती संधी. हवा पहाटे सगळ्यात स्थिर असते, काळी जमीन दिवसभर तापते आणि संध्याकाळी तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. फक्त एक अडचण उरली होती. रेघेच्या शेजारच्या शेतात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून लुकलुकणारा दिवा लावलेला होता, लाल-निळा; शनिवारीही तो त्रास देत होता. तो बंद करायला शेतमालक तयार होता, पण हरभरा ऐन काढणीला आलेला, दोन तास कोण राखणार? दाजींनी घोंगडी उचलली. "तुमी फोटो काढा, मी डबा वाजवतो."

तर चित्र असं होतं. पहाटेचे पाच, बोचरी थंडी. टेकाडावर ताई शाल गुंडाळून दोन दिव्यांपाशी. शेजारच्या शेतात दाजी थोड्याथोड्या वेळाने रिकामा डबा बडवताहेत. मचाणावर वामनराव एकटे, हातात धारेचं फूल. आणि गच्चीवर आशू आणि मी, मला कशालाही हात लावायला मनाई.

काका, दोन बोटं वर. काका, एक केस उजवीकडे. एक केस म्हणजे किती हे मला कळलं नाही, पण त्यांना कळलं. पडद्यावरचा मोठा दिवा गेला. अंगठी आली नाही. काळोख झाला, आणि काळोखाच्या कडेला, डावीकडे, एक ठिपका. मला आधी पडद्यावर धूळ वाटली. मी पुसायला हात पुढे केला आणि आशूने तो वरच्या वर धरला.

तिने फोन उचलला. "आई, लहान दिव्यावर हात धर."

ठिपका गेला.

"आता काढ."

ठिपका आला.

तिने असं तीनदा करायला लावलं. दोन किलोमीटरवर माझी ताई त्या दिव्यावर तळहात ठेवत होती आणि काढत होती, आणि इथे तिच्या मुलीच्या पडद्यावर एक ग्रह जात होता आणि येत होता. मला रडू आलं. सांगायला लाज कसली? दाजींचा डबा वाजतच होता, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आशूने मग सावकाश फोटोंमागून फोटो घेतले, तांबडं फुटेपर्यंत. तिने मला समजावलं की खऱ्या ताऱ्याच्या मानाने हा खेळ अगदी सोपा आहे, आपला बारका दिवा काही हजार कोटी पट मिणमिणता नाही, खरी छत्री घडी करून अवकाशात न्यायची आहे आणि तिथे उघडायची आहे, अजून कितीतरी वर्षांचं काम बाकी आहे. मी हो हो म्हणत होतो. मला ठिपका दिसला होता.

उजाडल्यावर वामनराव फूल त्याच धोतरात गुंडाळून, छातीशी आडवं धरून बांधावरून चालत आले. कुणालाही पुढे होऊ दिलं नाही. ओट्यावर ठेवलं, हात धुतले, मग पडद्यापुढे बसले. आशूने ठिपका दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"एवढासाच?"

"एवढासाच, काका."

"मंग धार पायजेच होती," ते म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

निघायला अकरा वाजले, कारण ते दुकानात गेले आणि आम्हाला थांबायला सांगून गेले. परत आले ते एक चपटी टिनाची पेटी घेऊन. आत फुलाच्या मापाची खाच, तळाला जुन्या घोंगडीचा तुकडा, वर झाकण आणि कडी. पेटीचे सगळे काठ मुडपलेले, कोपरे गोल. धार आत आणि मुडप बाहेर. ती कधी बनवली असेल कुणास ठाऊक. पहिलं, मुडपलेलं फूल ते मोडीत टाकणार होते, ते मी मागून घेतलं. आणि डिकी? डिकी आशूने भरली. मी पाच पावलं लांब उभा होतो. तिने पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि सीटबेल्ट लावला.

परतीचा रस्ता तोच. दुसरबीडला मी गाडी इतकी हळू घेतली की मागचा ट्रकवाला उतरून विचारायला आला, काही झालंय का.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. ज्यांना जायचंय त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी जावं. लोणारला एक पूर्ण सकाळ द्यावी. राहायची सोय लोणारला आणि मेहकरला मिळते, साधी पण स्वच्छ. बीबीला ओळख असेल तर उत्तम, नसेल तर बाजारात दोन तास फिरा, होईल. ताईच्या पत्त्यासाठी मेसेज करू नका, मी देणार नाही, रोडगे मोजकेच होतात.

मुडपलेलं फूल आमच्या गॅलरीत भिंतीवर आहे. येणारे-जाणारे कुठून आणलं विचारतात, आणि बायको त्यांना पाट्यासकट सगळी गोष्ट सांगते, काही गाळत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी आशूचा फोन आला होता. काम चालू राहणार. आढाव्याला बसलेल्यांनी ठिपका जातो-येतो ते पुन्हा पुन्हा बघितलं, आणि अंधारात दिव्यावर हात कोण धरत होतं, असं विचारलं. पुढचं मोठं फूल करायचं ठरलंय. पुण्यात यंत्रावर होईल, पण शेवटची कानस बीबीला, असं तिने त्यांना सांगून टाकलं. कुठल्या भाषेत सांगितलंस, मी विचारलं. ती हसली. म्हणाली, गडबडीत पिशवी उघडीच राहिली.

मग तिने वामनरावांना फोन लावला होता. फोटो पसंत पडला, काम वाचलं, मोठ्या मोठ्या लोकांनी तुमचं फूल हातात घेऊन पाहिलं, असं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"हातात घेतलं म्हनते. कोनाले लागलं तं नाही न?"